सिटीची लेव्ही ७.५ टक्क्यांनी वाढली, मग माझा कर १० टक्क्यांनी कसा वाढला?

कोथरूडचा_भाडेकरू (१९ नोव्हेंबर २०२४)

नमस्कार मंडळी. मिनेसोटात, ट्विन सिटीजच्या (मिनियापोलिस-सेंट पॉल) एका उपनगरात राहतो. २०२२ मध्ये घर घेतलं. काल कौंटीचं (म्हणजे इथल्या जिल्ह्याचं) ते दरवर्षीचं पत्र आलं, २०२५ मध्ये मालमत्ता कर साधारण किती भरावा लागेल ते सांगणारं. रात्री जेवणं झाल्यावर उघडलं आणि बायको म्हणाली, "झोपायच्या आधी कशाला उघडलंस?"

आकडे देतो, म्हणजे कुणाला समजावून सांगायला सोपं जाईल. घराची किंमत गेल्या वेळी कौंटीने ५,३६,००० डॉलर धरली होती, या वेळी ५,४८,०००. म्हणजे सव्वादोन टक्के वाढ. एकूण कर ६,२१४ वरून ६,६९०. त्यात शाळा, कौंटी, सिटी असे वेगवेगळे रकाने आहेत. सिटीचा रकाना १,९६२ वरून २,१६२. बरोब्बर २०० डॉलरची वाढ, दहा टक्क्यांहून जास्त.

सिटीच्या वेबसाइटवर गेलो तर तिथे लिहिलंय की कौन्सिलने लेव्हीमध्ये, म्हणजे एकूण करवसुलीत, ७.५ टक्के वाढ प्रस्तावित केली आहे. आता किंमत सव्वादोन टक्क्यांनी वाढली, लेव्ही साडेसात टक्क्यांनी वाढली, मग माझे दहा टक्के आले कुठून? दोन्हींची बेरीज केली तर पावणेदहा होतात, पण ती बेरीज का करायची तेच कळत नाही.

पत्रात असंही आहे की ९ डिसेंबरला संध्याकाळी ७ वाजता कौन्सिलची सभा आहे, नागरिकांनी येऊन बोलावं. तिथे जाऊन आमच्या गल्लीत विकल्या गेलेल्या घरांच्या किमती दाखवाव्यात असा विचार आहे. आमच्यासारखंच घर ५,२५,००० ला गेलंय. याचा उपयोग होईल का? आणि 'प्रस्तावित' म्हणजे अजून वाढूही शकतो का?

पुण्यात बाबा गेली तीस वर्षं कर भरताहेत. बिल येतं, मे महिन्यात भरलं की सवलत मिळते, संपलं. गेल्या वर्षी चाळीस टक्के सवलतीसाठी पीटी-३ अर्ज भरायला लागला तेवढीच काय ती दगदग. तिथलं कळायचं, इथलं कळत नाही.

पिठलं_भाकरी_डॅलस (१९ नोव्हेंबर)

सिंपल आहे रे. व्हॅल्यू वाढली की टॅक्स वाढणार. प्रोटेस्ट कर, म्हणजे किमतीवर हरकत घे. आमच्याकडे टेक्सासमध्ये १५ मे ही शेवटची तारीख असते, गल्लीतले झाडून सगळे करतात. कमिशनवर करून देणारी माणसंसुद्धा आहेत.

सांगलीची_हळद (२० नोव्हेंबर)

कोथरूडकर, तुमचं पत्र वाचून हसू आलं, कारण असली पत्रं जिथून निघतात त्या बाजूला मी बसते. मिनेसोटातच, वीस-बावीस हजार वस्तीच्या एका गावाच्या सिटी हॉलमध्ये, फायनान्स खात्यात. बारा वर्षं झाली. तुमचं गाव ते माझं गाव नव्हे, एवढं सांगून ठेवते, नाहीतर उद्या शिव्या द्यायला माझ्या टेबलाशी याल.

डॅलसकरांनी दिलेलं उत्तर टेक्सासच्या लोकांच्या अंगवळणी पडलेलं आहे, पण इथे त्याने गोंधळ वाढतो. व्हॅल्यू वाढली म्हणून सिटीला एक पैसा जास्त मिळत नाही. पुन्हा वाचा हे वाक्य. मलाही नोकरी लागल्यावर पहिले सहा महिने पटलं नव्हतं.

आपण पुण्या-सांगलीकडचे लोक दर आधी आणि रक्कम नंतर, असा विचार करतो. महापालिकेच्या कायद्यात तसंच आहे: २० फेब्रुवारीपर्यंत मुख्य सभेने पुढच्या वर्षाचे कराचे दर ठरवायचे. दर ठरला, तो घराच्या करपात्र मूल्याला लावला, जमेल तेवढी वसुली झाली. म्हणून तर दर जानेवारी-फेब्रुवारीत पेपरात तेच नाटक: आयुक्त करवाढ सुचवतात, स्थायी समिती फेटाळते. (यंदा, २०२४ मध्ये, तर नगरसेवकच नाहीत, प्रशासकच सुचवणार आणि प्रशासकच मंजूर करणार.) जुन्या फ्लॅटचं करपात्र मूल्य वर्षानुवर्षं तसंच राहतं, त्यामुळे तुमच्या बाबांना दर वाढला की नाही एवढंच बघावं लागतं.

मिनेसोटात उलटं आहे. इथे रक्कम आधी, दर नंतर. कौन्सिल कधीच दरावर मत देत नाही. कौन्सिल ठराव करते तो डॉलरच्या आकड्याचा: पुढच्या वर्षी मालमत्ता करातून आम्हाला अमुक इतके डॉलर गोळा करायचे आहेत. त्या आकड्याला लेव्ही म्हणतात. तो कौंटीच्या ऑडिटरकडे जातो. ऑडिटर गावातल्या सगळ्या मालमत्तांच्या टॅक्स कपॅसिटीची बेरीज करतो आणि लेव्हीला तिने भागतो. भागाकार येतो तो दर.

गेल्या महिन्यात आमच्या मंडळींची कोजागिरी झाली. हॉल, दूध, भेळेचं सामान मिळून १,२०० डॉलर. चाळीस घरं येणार होती, म्हणजे घरटी ३०. आयत्या वेळी आठ घरं आली नाहीत. घरटी साडेसदतीस झाले. हॉलवाल्याने भाडं वाढवलं नव्हतं, दूधही त्याच भावाने आणलं होतं, तरी माझ्या नवऱ्याचा चेहरा तुमच्यासारखाच झाला. लेव्ही म्हणजे ते १,२००. फक्त इथे घरटी सारखं नसतं, ज्याचं घर मोठं त्याचा वाटा मोठा.

आता तुमचेच आकडे घेऊ. टॅक्स कपॅसिटी हा शब्द भारदस्त आहे, पण गणित चौथीचं आहे. राहत्या घराच्या पहिल्या ५ लाख डॉलरवर १ टक्का, त्यावरच्या रकमेवर सव्वा टक्का.

गेल्या वेळी: ५,००० अधिक ३६,००० चा सव्वा टक्का म्हणजे ४५०. एकूण ५,४५०.
या वेळी: ५,००० अधिक ४८,००० चा सव्वा टक्का म्हणजे ६००. एकूण ५,६००.

तुमची किंमत सव्वादोन टक्क्यांनी वाढली, पण वाढीचा सगळा पैसा सव्वा टक्क्याच्या भागात पडल्यामुळे तुमचा वाटा पावणेतीन टक्क्यांनी वाढला. आता सिटीचा कर भागिले तुमची कपॅसिटी: १,९६२ ला ५,४५० ने भागा, ३६ टक्के येतात. २,१६२ ला ५,६०० ने भागा, ३८.६ येतात. हा तुमच्या सिटीचा दर. पत्रात छापत नाहीत, पण असा काढता येतो.

दर ७.२ टक्क्यांनी वाढला आणि लेव्ही ७.५ टक्क्यांनी. याचा अर्थ गावाची एकूण कपॅसिटी वाढली पाव टक्का, आणि तुमची पावणेतीन टक्के. कोजागिरीला इतर घरं होती तेवढीच राहिली आणि तुमच्या घरी मात्र पाहुणे वाढले, असं समजा. सगळ्यांचा वाटा तुमच्याइतकाच वाढला असता तर तुमचा कर लेव्हीएवढाच, साडेसात टक्क्यांनी वाढला असता: १,९६२ वर १४७ डॉलर. तुम्हाला आले २००. म्हणजे १४७ डॉलर कौन्सिलच्या खात्यावर मांडा. उरलेले ५३ वाटणी बदलल्यामुळे आले, त्यात कौन्सिलचा हात नाही.

मग गावाची कपॅसिटी एवढीच का वाढली? तुमच्या गावाचे कागद माझ्यासमोर नाहीत, पण यंदा बऱ्याच गावांत एक गोष्ट झाली आहे. राहत्या घरांना होमस्टेडची वजावट मिळते, म्हणजे किमतीतला काही भाग करासाठी धरतच नाहीत. आतापर्यंत ती पहिल्या ७६,००० च्या ४० टक्के होती, आणि जसजसं घर महाग तसतशी कमी होत ४,१३,८०० ला शून्य व्हायची. २०२५ च्या करापासून ती पहिल्या ९५,००० च्या ४० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३८,००० झाली, आणि आता ५,१७,२०० ला शून्य होते. चार लाखांच्या घराला पूर्वी हजार-बाराशे डॉलरची वजावट होती, आता साडेदहा हजारांची आहे. त्यांची कपॅसिटी घटली. तुमचं घर ५,४८,००० चं. तुम्हाला आधीही शून्य, आताही शून्य. पण त्यांनी पान वाढून घेताना ताटातलं थोडं बाजूला काढलं ते कुणाच्या तरी ताटात जायलाच हवं, कारण १,२०० डॉलर तेवढेच आहेत. हा निर्णय राज्याच्या राजधानीतल्या, सेंट पॉलच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये घेतला. ९ डिसेंबरला कौन्सिलवर त्यासाठी ओरडू नका, ती माणसं बावरून बघतात नुसती.

आता तुमच्या गल्लीतलं ५,२५,००० चं घर. ते ९ तारखेला नेऊ नका. त्या सभेत किमतीवर कुणी बोलू शकत नाही. म्हणजे बोलता येतं, तीन मिनिटं मिळतात, पण कौन्सिलच्या हातात काही नसतं. २०२५ चा कर ज्या किमतीवर बसतो ती २ जानेवारी २०२४ ची. ती सांगणारी नोटीस तुम्हाला या मार्चच्या सुमारास आली होती, बहुधा पिझ्झाच्या कुपनांबरोबर कचऱ्यात गेली. त्यावर हरकत घ्यायची जागा एप्रिल-मेमध्ये भरणारं अपिलाचं बोर्ड, त्यानंतर जूनमध्ये कौंटीचं. आता उरलं फक्त टॅक्स कोर्ट, त्याला कर भरायच्या वर्षाच्या ३० एप्रिलपर्यंत मुदत असते. शिवाय असेसर (घरांच्या किमती ठरवणारा अधिकारी) ऑक्टोबर ते सप्टेंबर या एका ठरलेल्या वर्षातल्या विक्रींवरून किंमत काढतो. तुमच्या गल्लीतलं घर या उन्हाळ्यात गेलं असेल तर ते पुढच्या नोटिसीच्या हिशेबात येईल. तिथे वापरा, चांगलं शस्त्र आहे.

वाढू शकतो का, विचारलंत. सिटीचा रकाना कौन्सिलमुळे वाढू शकत नाही. ३० सप्टेंबरच्या आत प्रत्येक गावाला प्राथमिक लेव्ही कौंटीला कळवावी लागते. तो आकडा म्हणजे छत. डिसेंबरात शेवटचा ठराव होतो तेव्हा तो खाली आणता येतो, काही अपवाद सोडले तर वर नेता येत नाही. हा नियम चांगला आहे, पण त्याने एक सवय लावली आहे. सप्टेंबरात प्रत्येक गाव जरा सैल हाताने आकडा टाकतं. पोलिसांच्या युनियनशी करार व्हायचा असतो, आरोग्य विम्याचे नवे हप्ते कळायचे असतात, मग कौन्सिलमधला कुणीतरी म्हणतोच, "वर ठेवू, डिसेंबरात कमी करू." डिसेंबरात कमी केलं की लोकांपुढे छान दिसतं हाही हिशेब असतो, तो कुणी मोठ्याने बोलत नाही.

छताचं महत्त्व मला माझ्याच चुकीने कळलं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी ठरावाचा कागद मी तयार केला. एक पान असतं, चार-पाच ओळी: जनरल फंड, कर्जफेड, रस्ते, यंत्रसामग्री, आणि खाली बेरीज. रस्त्यांच्या ओळीत मी आदल्या वर्षीचा आकडा तसाच ठेवला. बेरीज बरोबर होती, कारण ती एक्सेलने केली होती. तपासणाऱ्या दोघांनीही बेरीजच तपासली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात रस्त्यांच्या खात्याचा माणूस कागद घेऊन माझ्या दारात उभा राहिला आणि त्याने काही न बोलता त्या ओळीवर अंगठा ठेवला. ४१,००० डॉलर कमी. पण ३० सप्टेंबर उलटून गेली होती, छत बसलं होतं. ते ४१,००० त्या वर्षी शिलकीतून काढावे लागले. आजही मी तो कागद छापून, पट्टी ठेवून, एकेक ओळ मोठ्याने वाचते. नवीन पोरं हसतात.

लेव्ही ठरते कशी हे कोणी विचारलं नाही, तरी सांगते, कारण तुमचे १४७ डॉलर त्यात आहेत. आमच्याकडे मे महिन्यात प्रत्येक खात्याकडून मागण्या येतात. पार्कवाल्यांना गवत कापायचं यंत्र हवं, फायरवाल्यांना गाडी, पोलिसांना दोन माणसं. जून-जुलै सिटी मॅनेजर आणि आम्ही कात्री चालवतो. मग उत्पन्न मांडतो: परवान्यांची फी, व्याज, आणि राज्याकडून येणारी मदत, जिचा पुढच्या वर्षीचा आकडा १ ऑगस्टपर्यंत कळतो. काही सधन उपनगरांना ती मदत जवळजवळ मिळतच नाही. खर्चातून हे सगळं वजा केलं की उरतं ते लेव्ही. म्हणजे लेव्ही हा आकडा कुणी स्वप्नात बघून ठरवत नाही, तो शेवटी उरलेला आकडा असतो. त्यातही सगळं आमच्या हातात नसतं. रस्त्यांसाठी किंवा फायर स्टेशनसाठी रोखे काढले असतील तर त्यांच्या हप्त्याची लेव्ही बसवावीच लागते, आणि कायद्याने हप्त्यापेक्षा ५ टक्के जास्त बसवावी लागते, कारण काही जण कर बुडवणार हे गृहीत.

आमच्या गावात लेव्हीचा एक टक्का म्हणजे साधारण १,२०,००० डॉलर. एक पोलीस, पगार, विमा, पेन्शन, गणवेश सगळं धरून जवळपास तेवढ्यालाच पडतो. म्हणून ऑगस्टच्या वर्कशॉपमध्ये वाद टक्क्यांवर होतच नाही, माणसांवर होतो. यंदा दीड तास फक्त एका गोष्टीवर गेला: लायब्ररीशेजारचं आइस रिंक रात्री ९ ला बंद करायचं की १० ला. प्रेक्षकांत कोण होतं? एक स्थानिक पत्रकार आणि एक आजोबा, जे दर वेळी विणकाम घेऊन येतात. नागरिक येतात डिसेंबरात, जेव्हा खड्डा भरून वर डांबर पडलेलं असतं.

तेव्हा ९ तारखेला जा, जरूर जा. (कायद्याने ती सभा संध्याकाळी ६ च्या आधी सुरू करता येत नाही, ते तुमच्यासारख्या नोकरदारांसाठीच आहे.) पण घराची किंमत नेऊ नका. दोन प्रश्न न्या. साडेसात टक्क्यांपैकी किती कर्जफेडीसाठी, किती पगार-विम्यासाठी, आणि किती नवीन गोष्टींसाठी? आणि शिल्लक किती महिन्यांच्या खर्चाएवढी आहे? दुसऱ्या प्रश्नाला फायनान्सवाले खुर्चीत सरळ होऊन बसतात. अनुभवाने सांगते.

लेक_स्ट्रीटचा_मिसळवाला (२० नोव्हेंबर)

ताई, जबरदस्त. मी मिनियापोलिस शहरातच राहतो. आमच्याकडे तर आणखी एक पात्र आहे, बोर्ड ऑफ एस्टिमेट अँड टॅक्सेशन. महापौर बजेट मांडतात, जास्तीत जास्त लेव्ही किती ते हे बोर्ड ठरवतं, मग कौन्सिल बजेट मंजूर करतं. पण खरा मार बसतोय तो डाउनटाउनमुळे. कोविडनंतर ऑफिसं ओस पडली, टॉवरच्या किमती घसरल्या, आणि कमर्शियलच्या पहिल्या दीड लाख डॉलरनंतरच्या किमतीवर कपॅसिटीचा दर २ टक्के असल्यामुळे तिथली घसरण घरांना दुप्पट जाणवते. आमच्या घराची किंमत यंदा दोन हजारांनी कमी झाली तरी कर वाढला. शेजारी म्हणतो, चूक आहे. चूक नाही, कोजागिरीला श्रीमंत काका आले नाहीत.

सांगलीची_हळद (२१ नोव्हेंबर)

मिसळवाले, अगदी बरोबर. थोडासा धक्का झेलायला ट्विन सिटीज परिसरातल्या सात कौंट्यांचा सामायिक गल्ला आहे: १९७१ च्या कायद्यापासून कमर्शियल मालमत्तेच्या वाढीचा ४० टक्के भाग त्यात जातो आणि सगळ्या गावांत वाटला जातो. म्हणजे एखाद्या उपनगरात मोठा मॉल आला तर त्याचा थोडा फायदा ज्या गावात मॉल नाही त्यालाही. मला वैयक्तिक हा कायदा फार आवडतो. आमच्या गावाला त्यातून जातं त्यापेक्षा जास्त मिळतं, हे त्यामागचं कारण आहे हे कबूल करते.

वरण_फळं_शिकागो (२१ नोव्हेंबर)

इलिनॉयची थोडी भर. आमच्याकडेही लेव्ही आधी आणि दर नंतरच. डिसेंबरच्या शेवटच्या मंगळवारपर्यंत लेव्हीचा ठराव कौंटी क्लर्ककडे द्यावा लागतो. आदल्या वर्षापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वाढवायची असेल तर जाहीर सुनावणी सक्तीची. गंमत अशी की त्यामुळे कित्येक गावांची लेव्ही ४.९ काहीतरी टक्क्यांनी वाढते. मी गेली चार वर्षं आमच्या गावाचा आकडा लिहून ठेवतोय: ४.९, ४.८५, ४.९९, ४.९. आणि कर एक वर्ष मागून भरतो आम्ही, आमच्या कौंटीत २०२४ चा कर २०२५ च्या जून आणि सप्टेंबरात. घर विकताना वकील तो हिशेब करताना नाकी नऊ आणतात.

पिठलं_भाकरी_डॅलस (२१ नोव्हेंबर)

बरं, मी माघार घेतो. पण आमच्याकडे खरंच प्रोटेस्टने कमी होतो.

सांगलीची_हळद (२१ नोव्हेंबर)

होतो की. इथेही होतो, तुमचा एकट्याचा झाला तर. गल्लीतल्या सगळ्यांचा एकदम झाला तर १,२०० डॉलर तेवढेच.

कोथरूडचा_भाडेकरू (२२ नोव्हेंबर)

ताई, साष्टांग नमस्कार. तुमचं गणित दोनदा वहीत करून बघितलं, बरोबर येतंय. मार्चची नोटीस सापडली! कचऱ्यात नव्हती गेली, मुलीने तिच्या मागे रंगपेटीने घर काढलं होतं. त्या नोटिसीवर ५,४८,००० स्पष्ट लिहिलंय. तेव्हा मी किंमत वाढली म्हणून खूश झालो होतो, हे आता सांगायला लाज वाटते.

एक शंका. पाणी आणि ड्रेनेजचं बिल वेगळं येतं, तेही लेव्हीतच का? आणि कुणीतरी ऑफिसात म्हणालं की कर जास्त वाढला तर राज्य काही परत देतं.

सांगलीची_हळद (२२ नोव्हेंबर)

पाणी-ड्रेनेज लेव्हीत नाही, ती खाती स्वतःच्या बिलांवर चालतात. डासांचं मात्र मालमत्ता करातच आहे. पत्रात मेट्रोपॉलिटन स्पेशल डिस्ट्रिक्ट्स म्हणून एक बारीक रकाना असेल, त्यात डास मारणाऱ्या डिस्ट्रिक्टचेही पैसे असतात. जुलैत पाठीमागच्या अंगणात बसता येतं ते त्यांच्यामुळे, ती रक्कम मी आनंदाने भरते.

परताव्याचं: एम-वन-पीआर नावाचा फॉर्म आहे, मुदत १५ ऑगस्ट, तारीख विसरायचं कारण नाही. त्यात दोन प्रकार आहेत. एक उत्पन्नावर, तुमच्या दोघांच्या पगारात तो बसणार नाही असं वाटतं, तरी तक्ता बघा. दुसऱ्याला उत्पन्नाची अट नाही: राहत्या घराचा कर एका वर्षात १२ टक्क्यांहून जास्त आणि किमान १०० डॉलरने वाढला तर वरच्या भागाचे ६० टक्के परत, कमाल १,०००. पण ते एकूण करावर बघतात. तुमचा ६,२१४ वरून ६,६९० म्हणजे पावणेआठ टक्केही नाही. तेव्हा यंदा नाही. वाईट वाटून घेऊ नका, न मिळण्यातच फायदा आहे.

कोथरूडचा_भाडेकरू (१० डिसेंबर)

काल जाऊन आलो, म्हणून वृत्तांत.

बाहेर उणे आठ, गाडीची काच खरवडण्यात पाच मिनिटं गेली, त्यामुळे सादरीकरण सुरू झाल्यावर पोचलो. हॉलमध्ये साठेक खुर्च्या, माणसं मोजली, अकरा. त्यातला एक जण शेजाऱ्याच्या झाडाच्या फांदीबद्दल बोलायला आला होता, त्याला महापौरबाईंनी फार सभ्यपणे सांगितलं की ती गोष्ट नंतर. एक आजीबाई घराच्या किमतीचे फोटो घेऊन आल्या होत्या, शेजारच्या घराचे, स्वतःच्या घराचे, चिकटवून आणलेले. त्यांना तेच उत्तर मिळालं जे ताई, तुम्ही मला दिलंत. मी तुमचं न ऐकता गेलो असतो तर तिथे त्या आजींच्या जागी मी असतो. सभेनंतर त्यांना पार्किंगमध्ये गाठून अपिलाचं बोर्ड एप्रिल-मेमध्ये असतं ते सांगितलं. त्यांनी हातमोजा काढून तळहातावरच लिहून घेतलं.

माझे दोन प्रश्न विचारले. आवाज थरथरत होता, तीन मिनिटांतली दीड मिनिटंच वापरली. पहिल्याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं: साडेसातपैकी जवळपास तीन टक्के नवीन फायर स्टेशनच्या कर्जफेडीचे, तीन पगार-विम्याचे, बाकी नवीन. दुसऱ्या प्रश्नाला फायनान्सच्या बाई खरोखर सरळ होऊन बसल्या! शिल्लक पाच महिन्यांच्या खर्चाएवढी आहे म्हणाल्या.

मग ठराव आला. विम्याचे हप्ते अंदाजापेक्षा कमी आले म्हणून लेव्ही ७.५ वरून ६.९ वर. चार विरुद्ध एक मतांनी मंजूर. घरी येऊन हिशेब केला, माझे २,१६२ चे झाले २,१५०. बारा डॉलर वाचले. वाटेत सगळ्यांसाठी चहा घ्यायला थांबलो होतो, त्यातच चौदा गेले.

ताई, ऑगस्टच्या वर्कशॉपची तारीख सिटीच्या कॅलेंडरवर कधी लागते? मुलीने विचारलंय, विणकामवाले आजोबा आमच्याही गावात असतील का.

सांगलीची_हळद (१० डिसेंबर)

जुलैच्या मध्यावर लागेल. आणि चहा घरून थर्मासमध्ये न्या.